गिटारच्या तारा किती दिवसांनी बदलता? (माझ्या पावसाळ्यात तीन आठवड्यांत मान टाकतात)

घामट_बोटं (ठाणे)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून गिटार शिकतोय. वय चव्वेचाळीस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे टोमणे वाचतील.

अडचण अशी की जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा सेट चढवला. अकूस्टिक गिटार, फॉस्फर ब्राँझ, १२-५३ (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). पहिले चार दिवस अशी खणखणीत वाजत होती की शेजारच्या काकूंनी विचारलं, नवीन घेतली का? तिसऱ्या आठवड्यात जाड तारांनी मान टाकली. वाजतात, पण डब्यावर गोधडी टाकून वाजवल्यासारख्या. आणि बारीक ई, म्हणजे सगळ्यात बारीक तार, महिनाभरात दोनदा तुटली. दुसऱ्यांदा तर नुसती सुरात लावताना.

सर म्हणतात तीन महिन्यांनी बदला. दुकानदार म्हणतो महिन्याने बदला (त्याचं बरोबरच आहे म्हणा). यूट्यूबवरचा एक जण दर आठवड्याला बदलतो. आमच्याकडे हिशोबाच्या वहीत दुधाच्या खाली 'तारा' असा नवा रकाना आलाय, आणि तो मी उघडलेला नाही.

रोज रात्री जेवणं उरकल्यावर पाऊण तास वाजवतो. गिटार हॉलमध्ये भिंतीला टांगलेली असते, खिडकीशेजारी. तुम्ही कधी बदलता आणि टिकवण्यासाठी काय करता?

पुणेरी_पिक

जेवणं उरकल्यावर. हात धुता ना? ह.घ्या. (हलके घ्या)

तीन महिने हे उत्तर म्हणजे 'पेट्रोल दर सोमवारी भरा' म्हणण्यासारखं आहे. गाडी किती चालवता ते विचारलंच नाही. तारांचा हिशोब तासांत करावा. साधारण १०० तास वाजल्या की बदलायच्या, असा एक ढोबळ आकडा गिटारवाल्यांत चालतो. तुमचे तीन आठवडे गुणिले पाऊण तास, म्हणजे जेमतेम सोळा तास. सोळा तासांत तारा वाजवून मरत नाहीत. त्यांना दुसरं काहीतरी मारतंय.

दोन प्रश्न. एक, ती खिडकी पावसात उघडी असते का? दोन, बारीक ई नेमकी कुठे तुटते? खुंटीपाशी, मध्ये कुठे फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर), की ब्रिजपाशी (पेटीवर तारा अडकवतात तिथे)?

बेसवाला

मी बदलतच नाही. धन्यवाद.

बेसवाला

बरं, सविस्तर लिहितो, नाहीतर संपादक धागा उडवायचे. मी बेस गिटार वाजवतो, त्यामुळे माझं गणित वेगळं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, अशी त्याची ख्याती आहे. साठच्या दशकातल्या त्या कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्डांवर त्याचा बेस आहे आणि त्या जुन्या तारांचा 'थड्' आवाज लोक आजही शोधत फिरतात. माझ्या तारा २०१९ च्या गणपतीत चढवल्यात. अजून बऱ्या आहेत.

राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) वापरायचो तेव्हा उकळायचो. हो, पातेल्यात. दहा मिनिटं खळखळून उकळायच्या, फडक्याने कोरड्या करायच्या, परत चढवायच्या. वळ्यांमधला मळ आणि तेलकटपणा निघून जातो, चार-सहा दिवस नव्यासारख्या वाजतात. बेसचा सेट महाग असतो म्हणून हा उद्योग परवडतो. सहा तारांच्या गिटारसाठी करू नका. गॅस जास्त जाईल आणि बारीक तारा पुन्हा पिळताना तुटतील.

पातेलं मात्र वेगळं ठेवा. आईला दोन महिन्यांनी कळलं होतं. त्या दिवसाबद्दल इथे लिहीत नाही.

मिरजेचा_जावई

धागाकर्ते, तुम्ही 'ब्राँझ' म्हणता त्यावरून एक गंमत. बाजारात अकूस्टिकच्या तारा मुख्यतः दोन जातींच्या. एकीला म्हणतात ८०/२० ब्राँझ. म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त. आता तांबं अधिक जस्त याला आपल्याकडे काय म्हणतात? पितळ! नाव ब्राँझ आणि माल पितळ. दुसरी फॉस्फर ब्राँझ. तिच्यात तांबं ९२ टक्क्यांच्या आसपास, बाकी कथील आणि फॉस्फरस अगदी चिमटीभर. ही खऱ्या अर्थाने कांशाच्या घराण्यातली. डॅडारिओ या तारा बनवणाऱ्या कंपनीने ती १९७४ मध्ये गिटारसाठी बाजारात आणली. त्याआधी बहुतेक पितळेचाच कारभार होता.

आता आजीचं स्वयंपाकघर आठवा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की काय होतं? कळकतं. घाम म्हणजे मीठ आणि थोडी आंबट द्रव्यं. पितळेच्या तारेवर रोज पाऊण तास हेच चाललेलं असतं, आणि तारेला कल्हई करणारा कुणी दारावर येत नाही. ८०/२० सुरुवातीला जास्त झगझगीत वाजते, पण कळकतेही लवकर. फॉस्फर ब्राँझ थोडी मऊ, उबदार आवाजाची आणि जरा जास्त टिकणारी. तुम्ही आधीच टिकाऊ जात घेतलीय, तरी तीन आठवडे म्हणजे हात भलताच घामट दिसतो. नाव सार्थ आहे तुमचं.

अवांतर: आमचे सासरे सतार वाजवतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. वाजवायला बसताना त्यांच्याजवळ तेलात भिजवलेल्या कापसाची डबी असते, डाव्या हाताची बोटं त्यात टेकवायची आणि मग मींड ओढायची. मी एकदा तीच युक्ती गिटारवर केली. बोट छान घसरलं, पण दोन दिवसांत जाड तारा मुक्या. सतारीची बाजाची तार साधी, गुळगुळीत पोलादी. तिच्यावर तेल बसतं आणि पुसलंही जातं. गिटारच्या वळ्यांत शिरलेलं तेल बाहेर यायचं नाव घेत नाही. तेव्हा तेलाच्या नादी लागू नका.

परीक्षानळी

जावईबापूंना अनुमोदन. फक्त रसायन जरा पुढे नेते, सवय आहे.

जाड तार म्हणजे आत पोलादाचा गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याच्या मिश्रधातूची बारीक तार. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट पाणी. अकरावीच्या पुस्तकात विद्युतघट शिकवतात तो हाच. अशा जोडीत पोलाद आधी झिजतं. वरून ब्राँझ नुसती काळवंडलेली दिसते, आत गाभ्याला गंज लागलेला असतो. जुनी जी किंवा डी तार कधीकधी वाजवता वाजवता उलगडते, त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

आता आवाज 'गोधडीतला' का होतो. तारेचा सूर ठरतो तिची लांबी, ताण आणि वजन यांवर, आणि हे वजन सगळ्या लांबीभर सारखं असायला हवं. वळ्यांमध्ये मेलेली त्वचा, घाम आणि धूळ यांचं कीट बसतं. ते डाव्या हाताखाली जास्त बसतं, ब्रिजकडे कमी. तार एकीकडे जड, एकीकडे हलकी. मग मूळ सुराच्या वरचे स्वर नीट जुळत नाहीत, आणि वरचे बारीक स्वर तर त्या किटात मुरूनच जातात. म्हणून नवी गिटार 'चमकते' आणि जुनी 'थकते'. कान खोटं बोलत नाही, पण कानाला रोजची सवय होते, हा घोटाळा. तीन आठवड्यांत तुम्हाला फरक कळला म्हणजे कान चांगला आहे.

घरच्या घरी तपासायचं असेल तर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार त्याच फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. सेट नवा असताना जुळत होते आणि आता जुळत नाहीत, तर गिटारचा दोष नाही, तार गेली. दुसरं म्हणजे तारेखालून नख फिरवा. फ्रेटच्या जागी खाचा लागल्या तर ती तार कितीही पुसली तरी परतणार नाही.

घामट_बोटं

बाप रे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

पिकदादा, हात धुतो हो. जेवणानंतर. वाजवायच्या आधी मात्र मोबाइल, मग रिमोट, मग गिटार. खिडकी उघडी असते, कारण नाहीतर गुदमरायला होतं.

ताई, सांगितल्याप्रमाणे नख फिरवलं. खाचा आहेत, पण अगदी पुसट. बाराव्या फ्रेटवर जाड ई फसते, बाकीच्या ठीक. आणि तारा पांढऱ्या रुमालाने पुसून पाहिल्या. रुमालाचा फोटो टाकत नाही, जेवायची वेळ आहे.

ई तुटते ती ब्रिजपाशी. दोन्ही वेळा तिथेच, पांढऱ्या पट्टीवर.

खुंटीपिळ्या

आता मुद्द्यावर आलात. हा धागा दोन वेगळ्या रोगांचा आहे आणि सगळे एकाच गोळीने दोन्ही बरे करताहेत.

जाड तारा मलूल होणं हा घाम आणि दमटपणाचा भाग. त्याबद्दल वर बरंच आलंय. पण एकच तार एकाच जागी दोनदा तुटते, तेव्हा तारेला दोष देऊ नये. मी वीस वर्षं गिटारी दुरुस्त करतोय. लोक तुटक्या तारेचं पाकीट घेऊन भांडायला येतात आणि निम्म्या वेळा दोष गिटारमध्ये किंवा तार चढवण्यात निघतो. फ्रेटवर तुटली तर फ्रेटची धार बघायची. खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड किंवा फेरे एकमेकांवर चढलेले असतात. पिळताना नटवर (खुंट्यांच्या अलीकडची खाचांची पट्टी) 'टिक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. तिथे शिसपेन्सिलीचं टोक घासायचं, ग्राफाइटने तार सुळकन सरकते.

पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे सॅडलवर तुटत असेल तर कारणं दोन. एक, सॅडलची कड धारदार असेल किंवा तारेने तिथे खाच पाडली असेल. ६०० नंबरचा पॉलिशपेपर बारीक दुमडून त्या एका जागी चार-पाच हात हलके फिरवायचे. चार-पाचच. सॅडल खाली घासायचं नाहीये, नाहीतर ती तार फ्रेटवर झिणझिणायला लागेल.

दुसरं कारण जास्त वेळा सापडतं आणि ते बाहेरून दिसत नाही. तारेच्या टोकाला पितळी गोळी असते, आणि गोळीपासून थोड्या अंतरापर्यंत तार स्वतःभोवतीच पिळलेली असते. ती गोळी आत ब्रिजखालच्या फळीला जाऊन घट्ट भिडायला हवी. लोक काय करतात, गोळी भोकात टाकली, पिन (ब्रिजच्या भोकात तार अडकवून ठेवणारी खिळी) दाबली, खुंटी पिळली. गोळी पिनच्या टोकावरच अडकून लोंबकळत राहते. ताण आला की पिनसकट वर सरकते, आणि तो पिळाचा भाग थेट सॅडलवर येऊन बसतो. पिळ सॅडलवर दुमडला की तार तिथेच मरणार. १२ चा सेट सुरात लावला की सहा तारांचा मिळून ओढा सत्तर किलोच्या पुढे जातो. वजनकाट्यावर मी जेवढा भरतो तेवढा.

तर आजच आत बघा. साउंडहोलमधून (पेटीच्या गोल भोकातून) छोटा आरसा आत घाला, मोबाइलचा टॉर्च लावा, आणि सहा गोळ्या एका रांगेत फळीला चिकटून बसल्यात का ते पाहा. मग इथे लिहा.

मडगांवकार

लग्नाच्या सीझनमध्ये आठवड्याला तीन-तीन कार्यक्रम असतात. बँडमध्ये मी इलेक्ट्रिक. तीन बारीक तारा दर कार्यक्रमाला नव्या, जाड तीन तारा दर महिन्याला. बारीक तार रंगात आलेल्या गाण्यात तुटते, कधीच ब्रेकमध्ये तुटत नाही, हा देवाचा नियम आहे. नवरा-नवरी नाचताहेत आणि तुमची 'जी' तार लोंबकळतेय, असं एकदा झालं की माणूस तारांचे पैसे मोजायचं सोडतो. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) लग्नं नसतात, तेव्हा गिटारला आणि बायकोला विश्रांती.

समुद्राकाठी वाजवलं तर तो सेट त्याच रात्री गेला असं समजायचं. पहाटे घरी येऊन पुसली नाही तर दुपारपर्यंत साध्या तारांवर तांबूस ठिपके. मी मलमलच्या फडक्याने पुसतो, आणि वरूनच नव्हे, फडकं तारेखालून घालून चिमटीत धरून नटपासून ब्रिजपर्यंत. बोटं तारेच्या वरच्या अंगाला लागतात पण घाम खाली ओघळतो. हे माझ्या पपांनी शिकवलं. ते व्हायोलिन वाजवायचे.

न्यूजर्सीचा_नाना

कुणी लेप दिलेल्या तारांबद्दल लिहीलं नाही अजून? आमच्या घरी दहा वर्षं त्याच आहेत.

सह्याद्रीत भर पावसात ट्रेक करणाऱ्यांना गोअर-टेक्सची जाकिटं माहीत असतील. तेच कापड बनवणाऱ्या डब्ल्यू. एल. गोअर कंपनीने नव्वदच्या दशकात एलिक्सर या नावाने तारा काढल्या. जाकिटात पाणी अडवायला तेव्हा जो पदार्थ वापरत, त्याच कुळातला पातळ पापुद्रा तारेवर. नॉन-स्टिक तवाही त्याच कुळातला. काही कंपन्या गुंडाळायची बारीक तार आधी लेपतात आणि मग वळतात. एलिक्सरवाले गुंडाळून झाल्यावर वरून सबंध लेप देतात, त्यामुळे वळ्यांच्या फटीत कीट जायला वाटच राहत नाही. आम्हाला साध्या तारांपेक्षा तिप्पट-चौपट टिकतात असा अनुभव आहे.

पुणेरी_पिक

आणि किंमत दुपटीहून जास्त, आणि नव्या असतानाच जुन्या वाजतात. 😏 तो पापुद्रा वरचे स्वर खातो. मला बोटाखाली धातू लागायला हवा, तवा नको.

न्यूजर्सीचा_नाना

पिकराव, तुमचं मत २००५ सालचं आहे. तेव्हा लेप जाड असायचा, बोट साबणावरून घसरल्यासारखं व्हायचं. आता पातळ मिळतात. डोळे मिटून ऐकवल्या तर ओळखणार नाही तुम्ही, पैज. एक खोड मात्र कबूल करतो, पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) मारायच्या जागी लेप फाटला की तारेवर पांढऱ्या दशा निघतात. वाईट दिसतं, आवाजाला फार फरक पडत नाही.

आमची अडचण तुमच्या उलटी. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा इतकी कोरडी पडते की लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात. मग केसमध्ये ओला स्पंज ठेवायचा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ठाण्यात जुलैमध्ये ती नव्वदीला टेकते. भिंतीवर टांगणं बंद करा. केसमध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल्या झाल्या की बदला, नाहीतर लोक त्याच वर्षभर ठेवतात आणि गिटारला बुरशी का आली म्हणून विचारतात.

परीक्षानळी

नानांना एक पुरवणी. पुडी केसमध्ये टाकून केस सताड उघडी ठेवू नका. अख्ख्या ठाण्याची हवा सुकवायचा ठेका त्या पुडीने घेतलेला नाही.

नायलॉनी

माझी क्लासिकल गिटार, त्यामुळे वरचं निम्मं मला लागू नाही. पण जे नवीन वाचत असतील त्यांच्यासाठी एक सूचना, स्वतःच्या नुकसानीतून.

कॉलेजात असताना नायलॉनच्या तारा 'मिळमिळीत' वाटल्या म्हणून मी त्याच गिटारवर पोलादी तारा चढवल्या. दुकानदाराने विचारलंही नाही आणि मी सांगितलंही नाही. नायलॉनच्या सहा तारांचा ओढा चाळीस किलोच्या आत असतो, पोलादीचा जवळपास दुप्पट. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला, घरच्यांना वाटलं कुकर उडाला. ब्रिज समोरच्या पाटासकट उचकटून वर आला होता. ती गिटार मामाने दिलेली होती. मामाला अजून माहीत नाही.

नायलॉनमध्ये बारीक तीन तारा वर्षभर टिकतात, कारण गंजायला काही नसतंच. जाड तीन मात्र नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून केलेल्या, त्या काळ्या पडतात. मी जाड तीनच दोनदा बदलते आणि तिसऱ्या वेळी पूर्ण सेट. नवी नायलॉनची तार सुरात ठरायला चार-पाच दिवस घेते, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी कधीही बदलू नये.

अवांतर: नायलॉनच्या आधी गिटारवर तात असायची, मेंढीच्या आतड्याची. सारंगीवर अजूनही असते. दुसऱ्या महायुद्धात ती सगळी शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे जाऊ लागली आणि गिटारवाल्यांचे हाल झाले. मग न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीनने नामवंत स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाच्या पाठिंब्यावर नायलॉनच्या तारा आणल्या. तेव्हा तारा टिकत नाहीत ही तक्रार आपलीच नाही, तातवाले तर दमट दिवशी कार्यक्रमाच्या मध्येच नवी तार लावायचे.

आळशी_अंगठा

वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. दोन मूर्खपणे नोंदवतो.

एक. तांब्या-पितळेची भांडी घासायच्या पावडरीने तारा घासल्या. सोन्यासारख्या लखलखल्या, फोटो काढून ग्रुपवर टाकला. पावडर वळ्यांत जाऊन बसली आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर तिचं सिमेंट झालं. अख्खा सेट कचऱ्यात, आणि फिंगरबोर्डवर पांढरे डाग ते वेगळेच.

दोन. ऑनलाइन निम्म्या किमतीत नावाजलेल्या कंपनीचा सेट मिळाला म्हणून पाच घेतले. पाकीट हुबेहूब. पण बी तार बाराव्या फ्रेटवर कायम फसलेली, पहिल्या दिवसापासून. मित्राने त्याचा खरा सेट आणला आणि शेजारी ठेवला. त्या कंपनीच्या गोळ्या सहा रंगांच्या असतात, माझ्या सेटमधल्या रंगांचा क्रमच चुकलेला. नकली माल. तेव्हापासून ओळखीच्या दुकानातून घेतो. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान. तिथे गेलं की तारांसोबत आणखी चार वस्तू घेतल्या जातात, तो तोटा वेगळा.

बेसवाला

पावडरीने घासायच्या ऐवजी उकळायच्या होत्या.

आळशी_अंगठा

पातेलं आईचं होतं.

घामट_बोटं

खुंटीपिळ्याकाका, तुमच्या पायावर डोकं.

रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर बसलो. बायकोच्या पर्समधला पावडरीचा आरसा घेतला, तारा ढिल्या केल्या, हात साउंडहोलमध्ये घातला. मनगटाच्या वर जाईना. शेवटी आरसा चमच्याच्या दांड्याला दोन रबरबँडांनी बांधला आणि आत सोडला. मोबाइल दातात. पहिल्या दोन मिनिटांत फक्त धूळ आणि एक पिक दिसलं, जे मी मार्चपासून शोधत होतो.

मग गोळ्या दिसल्या. पाच गोळ्या फळीला चिकटून, शाळेच्या प्रार्थनेत उभ्या राहिल्यासारख्या. सहावी, म्हणजे बारीक ईची, पिनच्या टोकावर तिरकी लोंबकळत होती. बाहेरून पाहिलं तर पिळाचा शेवट बरोबर सॅडलवर. दोन वर्षांत मी जितक्यांदा ती तार लावली, तितक्यांदा असाच लावत असणार.

काका म्हणतात तशी गोळी फळीला भिडवायची होती. टोक किंचित वाकवलं, गोळी आत टाकली, पिन हलकी ठेवली आणि पिन दाबायच्या आधी तार वर ओढली. आत 'टक्' झालं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग पिन दाबली, पुढच्या खुंटीपर्यंत पोचेल इतकी ढील ठेवून पिळायला सुरुवात केली. बारीक तारेला पाच फेरे, एकाखाली एक. सूर लागल्यावर तार बोटाने हळूच ओढून ताणली, परत सूर लावला. असं चार वेळा केल्यावर ती उतरायची थांबली.

सॅडलवर खाच होतीच. पॉलिशपेपरचे चार हात. पाचवा मारायचा मोह आवरला.

जाड तारा अजून बदलल्या नाहीत. नानांच्या सल्ल्याने लेपवाला एक सेट मागवलाय, पिकरावांच्या सल्ल्याने साधाही एक. आधी कुठला लावायचा यावर घरात मत विचारलं. उत्तर मिळालं, 'जो हिशोबात लिहिणार नाहीस तो.'

खुंटीपिळ्या

उत्तम. आता दोन-तीन आठवडे ती तार तुटली नाही तर कळवा. तुटली तर तारेचा तुकडा फेकू नका, कुठे तुटली ते बघूनच पुढचं बोलू.

आणि तारा बदलताना ताणलेली तार कधीही कटरने कापू नका. आधी ढिली करा, मगच कापा. उडालेलं टोक डोळ्यात गेलेला माणूस मी पाहिलाय. त्याची गिटार आजही माझ्याकडे दुरुस्तीला येते, तो येत नाही, मुलाला पाठवतो.

मडगांवकार

आणि कापलेले तुकडे मोजून उचलायचे. सहा तारा, सहा तुकडे. आमच्याकडे पाचच सापडले की सगळे चपला घालून फिरतात.

घामट_बोटं

मडगांवकार, हे तुम्ही रविवारी सकाळी लिहायला हवं होतं. माझा कापलेला तुकडा काल रात्री सापडला. सासूबाईंना.

पुणेरी_पिक

😂😂 हिशोबाच्या वहीत धनुर्वाताचं इंजेक्शन लिहा, दुधाच्या खाली.